आवाज कधी थांबतो? एका उन्हाळ्यातल्या दुरुस्त्यांच्या नोंदी

७ एप्रिल २०२४, रविवार, नागपूर

घरात आणि गाडीत मिळून बऱ्याच वस्तूंनी तोंड उघडलं आहे. वॉशिंग मशीन कपडे पिळताना घरघरतं. मिक्सर नेहमीपेक्षा कर्कश. हॉलमधला पंखा रात्री गुणगुणतो. गाडीचा एसी लावला की बॉनेटखालून घर्र आणि डॅशबोर्डमधून टकटक. कूलर अजून बाहेर काढलेला नाही, पण मागच्या मोसमात तो काय करत होता ते शेजाऱ्यांनाही पाठ आहे.

या वेळी वही केली. प्रत्येक आवाजासमोर तीन रकाने: कधी सुरू होतो, कधी थांबतो, काय केलं की बदलतो. ‘आवाज कसा आहे’ हा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. घर्र, खर्र, घूं हे ज्याच्या त्याच्या कानाचं. मिस्त्रीला फोनवर तोंडाने आवाज काढून दाखवला की तो आपल्या नकलेचं निदान करतो. कुठून येतो यावरही फार भरवसा नाही. कंप नळीतून, पत्र्यातून, भिंतीतून फिरतो आणि जिथे मोठा पातळ पत्रा मिळेल तिथून बोलतो. सुरू व्हायची आणि थांबायची वेळ मात्र लपवता येत नाही.

हत्यारं: लांब पेचकस (टोक यंत्रावर, मूठ कानाच्या हाडावर, फिरत्या भागापासून लांब), पाने आणि फोन. फोनवर फायफॉक्स हे मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं. आवाज आणि कंप दोन्हींचं वारंवारतेनुसार पृथक्करण करतं. माझ्या फोनचा कंपमापक सेकंदाला सुमारे ४०० नोंदी घेतो, म्हणजे २०० हर्ट्झच्या वरचं त्याला दिसत नाही. घरकामाला पुरे.

वहीच्या पहिल्या पानावर दोन आकडे लिहिले. आपली वीज ५० हर्ट्झची. लोखंडी गाभ्यातलं चुंबकत्व एका आवर्तनात दोनदा शिगेला पोचतं, त्यामुळे विजेची गुणगुण १०० हर्ट्झला सापडते. आणि फिरणाऱ्या कशाचेही मिनिटाचे फेरे भागिले ६० केले की त्याची मूळ वारंवारता मिळते.

९ एप्रिल, गुढीपाडवा

मिक्सर. भांडं न लावता फिरवला: आवाज नेहमीचाच. मोठं भांडं लावलं: ठीक. चटणीचं लावलं: कर्कश. मोटर संशयातून सुटली, दोष चटणीच्या भांड्याचा. पात्याचा दांडा हाताने हलवला तर बुशमध्ये (दांडा ज्यात फिरतो त्या नळीत) डुगडुगतो आणि खालून काळं वंगण झिरपलेलं दिसतं. बुश आणि पातं बदललं. आईला वाटलं होतं मिक्सरच नवा घ्यावा लागेल.

मिक्सर शांत होणार नाही, हे तिला सांगितलं. त्यातली कार्बन ब्रशवाली मोटर रिकामी असताना मिनिटाला १८-२० हजार फेरे घेते. तिच्याकडून शांततेची अपेक्षाच चूक.

१४ एप्रिल, रविवार

कूलर बाहेर काढला. लोखंडी पत्र्याचा, तीन ताट्यांचा (बाजूच्या, पाण्याने ओल्या राहणाऱ्या चौकटी), विदर्भात घरोघरी असतो तसा. बाहेर बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक, ढोल-ताशे आणि डीजे. मायक्रोफोन उघडण्यात अर्थ नव्हता. म्हणून फोन सेलोटेपने कूलरच्या पत्र्यावर चिकटवला आणि नुसता कंप मोजला. बाहेरच्या गोंगाटाने त्यात फारसा फरक पडला नाही.

आलेखावर शिखर, म्हणजे सगळ्यात जोरदार कंप, २३ हर्ट्झला, टोकदार. कूलरची मोटर चार पोलची, म्हणजे चार चुंबकी ध्रुवांची. ५० हर्ट्झवर तिची आदर्श गती मिनिटाला १५०० फेरे, पण ओझ्याखाली थोडी मागे राहते. २३ गुणिले ६० म्हणजे १३८०. म्हणजे हे पंख्याच्या एका फेऱ्याला एक हिसका, असंतुलन. बेअरिंग किंवा बुश गेला असता तर शिखरं इतरत्रही दिसली असती. १०० हर्ट्झला दुसरं, लहान शिखर.

मग माझी आवडती चाचणी: बटण बंद करायचं आणि पंखा थांबेपर्यंत ऐकायचं. विजेचा आवाज बटणासोबत तत्क्षणी मरतो, कारण पातं फिरत असलं तरी चुंबकत्व गेलेलं असतं. यंत्राचा आवाज गतीसोबत हळूहळू उतरतो. आणि एखाद्या ठरावीक गतीलाच मध्येच खडखड उठून विरली, तर तो पत्र्याचा किंवा चौकटीचा अनुनाद; तिथे काहीतरी ढिलं आहे. खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट, आणि मोटर असलेल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूला लागू. कूलरने तिन्ही दाखवलं. १०० हर्ट्झची गुणगुण बटणासोबत गेली. थरथर उतरत गेली. आणि पंखा थांबायच्या थोडं आधी मागच्या ताटीची चौकट दोनेक सेकंद दणाणली.

भाच्याला बटणाशी बसवलं होतं. “मामा, पण आवाज तर समोरूनच येतो ना?” समोरूनच येत होता. समोरची जाळी सगळ्यात मोठी.

कारण सापडलं ते पाण्यामुळे. आमचं बोअरचं पाणी जड, आणि उडालेल्या तुषारांचा चुना पात्यांवर बसतो. सगळीकडे सारखा बसला तर बिघडत नाही. एका पात्याची पापडी गळून पडली होती, बाकीच्यांवर तशीच होती. सायट्रिक आम्लाच्या पाण्याने सगळी पाती घासली, एक वाकलेलं पातं सरळ केलं, मोटरच्या चार बोल्टांखाली रबरी वॉशर घातले, ताटीच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी. २३ हर्ट्झचं शिखर पाचव्या हिश्शावर आलं. १०० हर्ट्झची गुणगुण तशीच आहे आणि राहील. ती मोटरची जात आहे.

पाण्याचा पंपही घूं करत होता. तो बुडालेला नव्हता, एवढंच. हे पंप अर्धे उघडे राहिले की हवा ओढतात आणि ओरडतात. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढला. बटण बंद करून भागत नाही: जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेलं असतं, म्हणजे बंद असतानाही आत वीज राहते, आणि विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकच्या बातम्या येतातच.

१९ एप्रिल, शुक्रवार

मतदानाची सुट्टी. सकाळीच मत देऊन आलो, दुपार वॉशिंग मशीनची.

समोरून उघडणारं, पट्ट्यावर चालणारं. धुताना शांत, पाणी सोडताना अधूनमधून कडकड, पिळताना घरघर आणि गती वाढली की तीही वाढते. हे दोन वेगळे आवाज आहेत. पाणी सोडतानाची कडकड फक्त पंप चालू असतानाच. खालचं झाकण उघडून गाळणी काढली, आत दोन रुपयांचं नाणं. तो प्रश्न मिटला.

घरघरीसाठी पहिला संशय बेअरिंगवर. ड्रममागे दोन असतात. मॉडेलच्या क्रमांकावरून सुट्या भागांच्या दुकानदाराने सांगितले ६२०५ आणि ६२०६. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की भोकाचा व्यास मिळतो: २५ आणि ३० मिलिमीटर. दोन्हींत आतल्या आणि बाहेरच्या कड्यामध्ये साधारण नऊ गोळ्या असतात, आणि मापांच्या प्रमाणामुळे दोन्हींचं गणित जवळपास एकच येतं: बाहेरच्या कड्यावर खड्डा पडला तर एका फेऱ्यात सुमारे ३.६ ठोके, आतल्या कड्यावर पडला तर सुमारे ५.४.

१००० फेऱ्यांवर पिळणं लावलं. मूळ वारंवारता १६.७. बाहेरच्या कड्याचे ठोके ६० च्या आसपास यायला हवेत. ६० ला उंचवटा आहे, पण टोकदार नाही, पसरट. १०० लाही शिखर आहे. एवढ्यावर काही म्हणता येत नाही, म्हणून तेच कपडे ८०० फेऱ्यांवर पिळले. आता मूळ वारंवारता १३.३ आणि ठोके ४८ च्या जवळ हवेत. पसरट उंचवटा ४८ च्या आसपास सरकला. १०० चं शिखर जागचं हललं नाही. सरकलं ते ड्रमसोबत फिरणारं, जागेवर राहिलं ते विजेचं. ८०० वर एकदाच मोजलं असतं तर ४८ आणि ५० यांत गल्लत व्हायला वाव होता. दोन गतींवर मोजायचं ते यासाठी.

मग हाताने पडताळणी, आणि खरं सांगायचं तर आलेखापेक्षा हीच भारी पडते. मागचं झाकण काढून पट्टा उतरवला, ड्रम हाताने फिरवला, दुसरा हात टबच्या मागच्या बाजूला: आत रेती असल्यासारखं लागतं. ड्रमची पुढची कड धरून वर-खाली केली तर टबपेक्षा वेगळी हलते. टबच्या मागे मध्याखाली तांबूस ओघळ. म्हणजे पाणी अडवणारं रबरी सील आधी गेलं, पाणी बेअरिंगमध्ये शिरलं, वंगण धुऊन निघालं. नुसतं बेअरिंग बदलून सील तेच ठेवलं तर हेच पुन्हा होणार.

शेजारच्या काकूंचं नवं मशीन पिळताना खोलीभर चालत होतं म्हणून त्याच संध्याकाळी बोलावणं आलं. मागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेलेच नव्हते. प्रवासात ड्रम हलू नये म्हणून ते असतात. तसेच ठेवले तर स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर असून नसल्यासारखे. चार बोल्ट काढले, पाय समतल करून लॉकनट आवळले. चहा मिळाला.

१ मे, महाराष्ट्र दिन

मशीन उघडलं. आधी टब बघायचा: बऱ्याच नव्या मशीनांत टबचे दोन अर्ध वेल्ड केलेले असतात आणि मग अख्खा टब बदलावा लागतो. आमचा स्क्रूंचा निघाला. उघडताना सगळ्यात वैतागाचं काम दाराच्या रबराची तार पुन्हा बसवायचं. सगळ्यात जड, सिमेंटची वजनं.

आतल्या, म्हणजे पाण्याच्या बाजूच्या बेअरिंगचा गंज होऊन पिंजरा तुटलेला. बाहेरचं बरं होतं, पण दोन्ही बदलली. सीलची ओठासारखी कड ताठर झालेली. ड्रमच्या मागचा तीन हातांचा ॲल्युमिनियमचा आधार पांढऱ्या भुकटीने भरलेला होता: ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील एकत्र, वर साबणाचं पाणी, म्हणजे ॲल्युमिनियम झिजणारच. तारेच्या ब्रशने घासून तडे शोधले. खड्डे आहेत, तडा नाही. याला तडा असता तर सगळा खटाटोप थांबवला असता, कारण तो पिळताना तुटला तर ड्रम टब फोडतो.

नवी बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली होती, किंचित आकसतात. जुन्या बेअरिंगचं बाहेरचं कडं वर ठेवून त्यावर हातोडी. नव्याच्या आतल्या कड्यावर मारलं की ठोका गोळ्यांतून जातो आणि बसवतानाच खड्डे पडतात. दुरुस्तीनंतर महिन्याभरात परत आलेल्या बऱ्याच आवाजांमागे हेच असावं असा माझा संशय आहे. सीलच्या कडेला पाण्याला दाद न देणारं ग्रीस.

१००० फेऱ्यांवर: ६० चा उंचवटा गेला. १६.७ ला छोटं शिखर, ते कपड्यांच्या असंतुलनाचं.

११ मे, शनिवार

लहान कामं उरकली.

हॉलचा पंखा: रेग्युलेटर पाचवर ठेवला की गुणगुण नाही, दोन-तीनवर आहे. पंखा निर्दोष. रेग्युलेटर स्वस्तातला, विजेच्या लाटेचा तुकडा कापून गती कमी करणारा. कापलेली लाट मोटरला गुणगुणायला लावते. आतल्या कपॅसिटरने टप्पे पाडणारा रेग्युलेटर लावला, गुणगुण गेली. पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलून घ्या असं दुकानदार सांगत होता. तो गेला की पंखा मंदावतो, गुणगुण हे त्याचं मुख्य लक्षण नव्हे.

फ्रिज: फ्रीजरच्या बाजूने टरटर. दार उघडलं की थांबते. दार उघडं ठेवून दाराचं बटण बोटाने दाबलं, परत सुरू. आतला पंखा बर्फाला घासतोय. फ्रिज बंद करून दार उघडं ठेवून पूर्ण वितळवला. पुन्हा बर्फ चढला तर डिफ्रॉस्टचा हीटर किंवा सेन्सर बघायचा.

१९ मे, रविवार

गाडी. सकाळी सहालाच सुरुवात, नंतर बॉनेटला हात लावता येत नाही.

इथे एका बटणाने बऱ्याच गोष्टी एकदम सुरू होतात, म्हणून आधी त्या सुट्या करायच्या. पहिली पायरी: चावी ऑन, इंजिन बंद, नुसता ब्लोअर. डॅशबोर्डातली टकटक हजर, आणि ब्लोअरची गती वाढवली की तिचीही गती वाढते. इंजिन, पट्टा, कॉम्प्रेसर सगळे एका फटक्यात संशयातून सुटले. गरम-थंडचा खटका फिरवतानाच टकटक झाली असती तर आतल्या पडद्याच्या मोटरचे दाते बघितले असते.

ग्लोव्हबॉक्स काढला, केबिन फिल्टर काढला. गाडी कडुनिंबाखाली उभी असते. वायपरखालच्या जाळीतून काय काय आत येतं ते फिल्टरवर वाचता येत होतं. ब्लोअरच्या पिंजऱ्यात एक काडी अडकलेली आणि शेंगदाण्याची टरफलं. म्हणजे उंदीर. वायरी तपासल्या, कुरतडलेल्या नाहीत.

२५ मे, शनिवार

नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागला. बॉनेटखालची घर्र.

एसी बंद, इंजिन चालू: बारीक घरघर आहे, कान दिला तरच कळते. एसी चालू: मोठी. एका गॅरेजात दाखवली होती. बॉनेट उघडून दहा सेकंदांत निकाल: “भाऊ, कॉम्प्रेसर बोलून राह्यला. बदलाच लागते.” शक्य आहे. पण एसीच्या बटणावर तीन गोष्टी एकदम होतात: कॉम्प्रेसरचा क्लच चिकटतो, रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि पट्ट्यावर ओझं येतं.

क्लचच्या कॉम्प्रेसरमध्ये पुली इंजिनसोबत सतत फिरते, एसी असो नसो. क्लचची कॉइल चुंबक झाली की समोरची चकती पुलीला चिकटते आणि तेव्हाच कॉम्प्रेसरचा आतला दांडा फिरतो. म्हणून एसी बंद असतानाची बारीक घरघर फार महत्त्वाची. त्या वेळी कॉम्प्रेसर आतून झोपलेला असतो, तो बोलूच शकत नाही. पुलीचं बेअरिंग, आयडलर (पट्ट्याला वाट दाखवणारी मोकळी पुली), अल्टरनेटर (वीज बनवणारा) किंवा पाण्याचा पंप, यांपैकीच कुणीतरी.

क्लचच्या वायरीचं सॉकेट सोडवलं आणि एसीचं बटण दाबलं. आमच्या गाडीत अशाने नुसता पंखा सुरू होतो. मोठी घर्र नाही. पंखाही संशयातून सुटला.

२ जून, रविवार

गेला आठवडा नागपूर देशभर बातम्यांत होतं: ३० मे रोजी एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, आणि नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. शहरातली इतर केंद्रं ४५ च्या आसपास होती. तोवर ५६ चा आकडा सगळ्या फोनांवर फिरून झाला होता.

ओळखीचे एसीचे मिस्त्री दाब मोजायचं गेज घेऊन आले. इंजिन सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंना सुमारे ११५ पीएसआय, ३५ अंशांना आर-१३४ए (गाडीच्या एसीतला गॅस) साठी बरोबर. पण या आकड्यावर ‘गॅस पूर्ण आहे’ म्हणता येत नाही. आत थोडा जरी द्रव असेल तरी दाब तापमानाप्रमाणे तेवढाच राहतो. गॅस किती, हे वजनानेच कळतं. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात. दाब बघून ‘थोडा अजून टाकू’ करणाऱ्यांमुळे जास्त गॅस भरला जातो आणि मग कॉम्प्रेसर खरोखरच कण्हतो.

एसी चालू करून कंडेन्सरवर (गॅस थंड करणाऱ्या समोरच्या जाळीवर) पाणी मारलं. वरचा दाब उतरला, घर्रही किंचित उतरली. मिस्त्री म्हणाले, “पाहा, कॉम्प्रेसरच.” या चाचणीने दोघं वेगळे होत नाहीत: दाब उतरला की कॉम्प्रेसरचं ओझं कमी होतं, पण त्यासोबत पट्ट्याचा ताण आणि पुलीच्या बेअरिंगवरचा भारही कमी होतो. त्यांनाही पटलं.

शेवटी इंजिन बंद करून पट्टा उतरवला. एकेक पुली हाताने: अल्टरनेटर गुळगुळीत. पाण्याचा पंप ठीक. आयडलर ठीक. एसीची पुली कोरडी, खरखरीत, आणि धरून हलवली तर किंचित डुलते. मग त्याच कॉम्प्रेसरची समोरची चकती, म्हणजे आतला दांडा, हाताने फिरवला: एकसारखा विरोध, अडकणं नाही, खरखर नाही. पट्टा नसताना इंजिन जेमतेम दहा सेकंद चालवलं (पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर, जास्त चालवायचं नाही). शांत. मिस्त्रींनीच वहीत लिहायला सांगितलं: पुलीचं बेअरिंग.

९ जून, रविवार

या कामाला गॅस काढावा लागला नाही. कॉम्प्रेसरचे बोल्ट सोडून, नळ्या न सोडता, तो जरा पुढे घेता आला. चकतीचा नट, तिच्याखालच्या पातळ शिम (फट ठरवणाऱ्या चकत्या, जपून ठेवायच्या), सर्क्लिप (पुली जागेवर धरणारी क्लिप), मग पुलर लावून पुली. बेअरिंग गोळ्यांच्या दोन ओळींचं, ३५ मिलिमीटर भोक, ५० बाहेरचा व्यास, २० जाडी. ग्रीस वाळून काळी पूड झालेली. कॉइलच्या शेजारी आणि इंजिनच्या धगीत आयुष्य काढल्यावर आणखी काय होणार.

जोडताना चकती आणि पुलीमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तिन्ही बाजूंना मोजली: ०.४५ मिलिमीटर. ०.३ ते ०.६ मध्ये असली की चालतं. फट जास्त राहिली तर सकाळी एसी चालतो आणि भर दुपारी क्लच चिकटत नाही, कारण तापलेल्या कॉइलचा रोध वाढून चुंबक कमजोर होतो. लोक तेव्हा गॅस भरून घेतात. कमी राहिली तर चकती बंद असतानाही घासते.

एसी बंद: शांत. एसी चालू: क्लचचा टक, मग पंखा. बंद केल्यावर डॅशबोर्डात अर्धा मिनिट बारीक फुसफुस येते. दोन बाजूंचे दाब एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सारखे होतात त्याची. तिला हात लावणार नाही.

१६ जून, रविवार

घर्र गेली म्हणून आता सकाळी थंड इंजिनवर पट्ट्याची चिरचिर ऐकू येते. आधीही असणार. पट्ट्याच्या दात्यांच्या बाजूला बाटलीने थोडं पाणी उडवलं. चिरचिर वाढली असती तर पट्टा ढिला. इथे ती काही सेकंद थांबली आणि परत आली, म्हणजे पुल्या एका रेषेत नाहीत. इंजिन बंद करून लोखंडी पट्टी टेकवली. क्रँकची (इंजिनच्या मुख्य दांड्याची) आणि एसीची पुली एका रेषेत आहेत. आयडलर किंचित तिरका बसलाय, त्याच्या बोल्टखालचा कंस वाकलेला दिसतो. नवा कंस सांगितला आहे.